लेश्गारी एक्स्चेंज

खोक्यातून निघाला तेव्हा एवढासाच होता,
चीजच्या वडीएवढा, वर दोन काड्या.
मी म्हटलं, याचा बोर्ड कुठंय?
गेगा हसला. तेरा वर्षांचं पोर,
त्यानं दोऱ्यांचा बोर्ड पाहिलेलाच नाही.

एकोणीस वर्षं मी पोस्टाच्या मागच्या खोलीत बसले.
कानाला हेडफोन, समोर चाळीस भोकं,
हातात तांबड्या विणीच्या दोऱ्या.
"लेश्गारी बोलतेय. कोण हवंय?"
कुताइसीहून आलेला आवाज बोटांनी उचलायचा
आणि खोचायचा कुणाच्याही स्वयंपाकघरात.
बाळंतपणं, मयतं, गाय विकली का,
सगळं कानावर पडायचं.
बाहेर पडताना मूग गिळायची शपथ होती.
गिळले.
अजून पोटात आहेत.

गेगानं डबडं उलटं केलं. पाठीवर बारीक अक्षरं, परक्या लिपीतली.
हा शून्य की ओ?
मी भिंग आणलं, त्यानं मोबाइलचा उजेड धरला.
तीनदा चुकलो. चौथ्यांदा
हिरवा दिवा लागला आणि आम्ही दोघंही
उगाचच कुजबुजत बोलायला लागलो.

पण आतल्या खोलीत, जिथं माझा पलंग, तिथं काही पोचेना.
या बुरुजाची भिंत साडेतीन हात जाड.
खुनाला खुनानं उत्तर द्यायचे
त्या काळात बांधलेली.
गोळी अडवायला रचलेले दगड
लहरीला वाट का देतील?
भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या ठार बहिऱ्या.

शेवटी ठेवला खिडकीत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी,
आणि थेओना आली. बारीहून.
मागे एका परक्या म्हातारीची चाकाची खुर्ची,
थेओनाच्या हातात तिचा कंगवा.
"आई, जेवलीस?"
हे विचारायला एवढी तार, एवढा डोंगर.
मी म्हटलं, जेवले.
जेवले नव्हते.

गेगा म्हणाला, बेबो, खिडकीतून अर्धा सिग्नल
ओतियाच्या अंगणात सांडतोय.
पासवर्ड बदला, नाहीतर फुकट वापरेल.

ओतिया.
अकरा वर्षं आम्ही बोललो नाही,
गवताच्या एका पट्टीवरून. पट्टी ती केवढी,
तिच्यात एक बकरी पोटभर चरत नाही.
कुंपणापलीकडे तो बाकावर बसतो संध्याकाळी,
मोबाइल हातात, हात उंच करून,
जसा कुणी आभाळाकडे उसनं मागावं.
त्याचा मुलगा पोलंडमध्ये आहे.
हे मला कुणी सांगितलेलं नाही.
आणि एका हिवाळी रात्री त्याच्या भावाची बातमी
मीच खोचली होती त्याच्या भोकात.
ओतियानं "हं" म्हटलं होतं फक्त,
आणि मग बराच वेळ
रिसीव्हर ठेवला नव्हता.
नियम होता, तीन मिनिटांनी दोरी ओढायची.
मी ओढली नाही.
हे त्याला ठाऊक नाही.

मी पासवर्ड बदलला.
आठ अक्षरं हवीत म्हणाला, मी बारा दिली,
गायीचं नाव आणि पोस्टाचा जुना नंबर.
मग वहीच्या पानावर लिहून
चार घड्या घातल्या. गेगा, पलीकडे देऊन ये.

कुणी दिलं म्हणून सांगू?
तुमच्याकडचं म्हटलं तर तो घेणार नाही.

मी जरा थांबले.
सांग, एक्स्चेंजकडून आलंय.

रात्री उशिरा पाहिलं,
यादीत तिसरं नाव आलं होतं,
कुठल्यातरी स्वस्त मोबाइलचं, नुसते आकडे.
खिडकीत दिवा लुकलुकत होता, भराभर,
म्हणजे कुणीतरी खूप बोलत असणार.
मी कान लावला बरण्यांशेजारी. सवय.
काहीच ऐकू आलं नाही.
बरं झालं.
तीन मिनिटं झाली, पाच झाली,
मी पडदा ओढला,
दोरीला हात लावला नाही.